मुक्या नाटकाचा गोंगाट



आज एका शब्दापासून सुरुवात करू. पॅन्टोमाइम. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चेहऱ्याला पांढरा रंग फासलेला एक माणूस, अंगात काळे कपडे, आणि हवेत नसलेली भिंत चाचपणारे त्याचे हात. म्हणजे मूकाभिनय. आपण सगळे या शब्दाचा अर्थ असाच शिकलो.

आता डिसेंबरात ब्रिटनमधल्या एखाद्या बऱ्यापैकी शहरात जा आणि तिथल्या नाट्यगृहात पॅन्टोमाइमचं तिकीट काढा. तिथे लाडाने त्याला ‘पॅन्टो’ म्हणतात. आत गेलात की कानठळ्या बसतील. रंगमंचावरची माणसं गातात, भांडतात, टोमणे मारतात. आणि खाली बसलेले आजी-आजोबा, आईबाप, पोरंटोरं नुसती ऐकत नाहीत, ओरडून उत्तरं देतात. खलनायक आला की हुर्यो. नायक संकटात सापडला की इशारे. वर्षातला सगळ्यात गोंगाटाचा नाट्यप्रकार, आणि नाव मात्र मुक्या नाटकाचं!

हे असं का, या एका प्रश्नात इंग्रजी रंगभूमीचा मोठा इतिहास दडलेला आहे. रंगमंचावर बोलायचा हक्क कुणाचा, हा त्या इतिहासातला खरा वाद. ज्यांना बोलायला बंदी होती त्यांनी न बोलता काय काय केलं, आणि बंदी उठल्यावर ते बोलणं कुणाच्या तोंडी गेलं, हे आज बघू.

सात तिकिटं

माझी थोरली बहीण इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका शहरात राहते. काही वर्षांपूर्वी आई आणि मी बडोद्याहून तिच्याकडे गेलो होतो, तीन महिन्यांसाठी. नाताळ जवळ आला तशी भावोजींनी सात तिकिटं काढली. ताई, ते स्वतः, त्यांची दोन मुलं, त्यांचे वडील, आई आणि मी. नाटक होतं ‘अल्लादीन’.

आईचा पहिला प्रश्न, ‘‘लहान मुलांना नाटकाला न्यायचं? मधेच बोलायला लागली तर?’’ तिचंही बरोबर होतं. आम्ही लहान असताना बडोद्याला मराठी नाटकाचा दौरा आला की ती घरातूनच दम देऊन न्यायची. तिसरी घंटा झाली की तोंडातून शब्द काढायचा नाही, खोकला आला तर रुमाल तोंडावर धरून बाहेर जायचं.

इथे पडदा वर जायच्या आधीच मुलांच्या हातात चमकणाऱ्या कांड्या होत्या आणि नाट्यगृहात जत्रेसारखा कालवा होता. दुष्ट जादूगार आला तो आमच्या उजवीकडून, म्हणजे नटाच्या डाव्या हाताच्या विंगेतून. परी आली ती त्याच्या विरुद्ध बाजूने. हा संकेत ठरलेला असतो, वाईट नेहमी डावीकडून आणि चांगलं उजवीकडून. जादूगाराने पहिलं वाक्य बोलायच्या आत चारशे पोरांनी त्याला हुर्यो केला, आणि तो खूश झाला. त्याने कानामागे हात नेऊन आणखी मागितला!

मग अल्लादीनची आई आली. विधवा ट्वँकी, धोबीखाना चालवणारी. सहा फुटी दांडगा पुरुष, डोक्यावर जांभळा टोप, अंगात झालर-झालरीचा झगा, पायात चांगले दणकट बूट. या भूमिकेला तिथे ‘डेम’ म्हणतात. आई माझ्याकडे झुकून म्हणाली, ‘‘पुरुष आहे ना गं हा?’’

आईचं माहेर सावंतवाडीजवळचं. देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार बघत ती वाढलेली. पुरुषाने लुगडं नेसून स्त्रीपार्ट करणं तिला नवं नव्हतं. पण तिने एक फरक अचूक पकडला. ‘‘आमच्याकडे स्त्रीपार्टी असा काम करायचा की तो पुरुष आहे हे विसरायला व्हायचं,’’ ती म्हणाली. ‘‘हा विसरू देत नाही.’’ डेमचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. डेम म्हणजे बालगंधर्व नव्हे. तमाशाच्या गौळणीत कृष्णाशी हुज्जत घालणारी जी मावशी असते ना, तिची ही विलायतेतली बहीण. पुरुषी आवाज, पुरुषी चाल आणि बायकी तोरा, हे तिन्ही एकदम दिसलं पाहिजे, तरच गंमत.

मध्यंतरानंतर एक प्रवेश आला, जो जवळजवळ प्रत्येक पॅन्टोत असतो. रात्रीची वेळ. तीन पात्रं एका बाकावर बसलेली. भुताची भीती वाटू नये म्हणून ती गाणं म्हणतात. मागून भूत येतं. मुलं किंचाळतात, ‘मागे आहे, मागे!’ पात्रं उजवीकडून वळतात, भूत डावीकडे सरकतं. ‘छे, इथे तर कुणी नाही.’ ‘आहे!’ ‘नाही!’ ‘आहे!’ आणि त्या दंग्यात माझ्या शेजारून खणखणीत मराठी ऐकू आलं, ‘‘अरे मागे बघ मेल्या, मागे!’’

ती आई होती. इंग्रजी तिला फारसं येत नाही. ताईकडे पाहुणे आले की ती हसून नमस्कार करायची आणि स्वयंपाकघरात जायची. दुकानात, बसमध्ये, बागेत ती सतत हळू बोलायची, आपलं बोलणं कुणाला खटकू नये अशा बेताने. घराबाहेर तिचा पूर्ण आवाज मी त्या देशात पहिल्यांदा ऐकला तो त्या दुपारी. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी वळून पाहिलं, हसल्या, आणि पुढच्या वेळी भूत आलं तेव्हा दोघी एकदम ओरडल्या. एक इंग्रजीत, एक मराठीत. नटाला काय, दोन्ही सारखंच!

शेवटी एक मोठा कापडी पडदा खाली आला. त्यावर एका वात्रट गाण्याचे शब्द लिहिलेले. नाट्यगृहाचे दोन भाग केले आणि कोणता भाग जास्त मोठ्याने गातो याची स्पर्धा लागली. यामागे एक व्यवहारही आहे. पडद्यापुढे हे चालू असतं तेवढ्यात मागे बाकीची मंडळी शेवटच्या प्रवेशाचे भरजरी कपडे चढवत असतात. कपडेबदलाला वेळ हवा, म्हणून प्रेक्षकांना कामाला लावायचं.

पण प्रेक्षकांना कामाला लावायची ही सवय आली कुठून? त्यासाठी साडेतीनशे वर्षं मागे जाऊ.

बोलायचा परवाना

इंग्लंडमध्ये १६४२ साली प्युरिटनांच्या जोरावर संसदेने नाटकं बंद केली. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि नाटकं परत सुरू झाली. पण राजाने लंडनमध्ये नाटक करायचा हक्क दोनच माणसांना दिला, टॉमस किलिग्रू आणि विल्यम डॅव्हनंट. त्यांच्या सनदांचा वारसा पुढे ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन नाट्यगृहांकडे आला. आपल्याकडे वतनं असायची ना, तसं हे नाटकाचं वतन.

यातल्या एका सनदेचा मालक पुढे जॉन रिच नावाचा माणूस झाला. हा पॅन्टोचा आद्यपुरुष. इटलीत ‘कोमेदिया देल्लार्ते’ नावाचा फिरत्या मंडळींचा नाट्यप्रकार होता. त्यातली पात्रं ठरलेली: चौकटी-चौकटींच्या कपड्यातला चलाख नोकर आर्लेकिनो, कंजूष म्हातारा पान्तालोने, चतुर मोलकरीण कोलंबिना. हा आर्लेकिनो इंग्लंडमध्ये हार्लेक्विन झाला. १७१७च्या सुमारास रिच लिंकन्स इन फील्ड्स इथल्या आपल्या नाट्यगृहात स्वतः हार्लेक्विन रंगवू लागला. नाव घेतलं ‘लुन’. रिचला बोलण्याची भूमिका जमत नसे असं म्हणतात. पण अंगाने बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. उन्हाच्या उबेने अंड्यातून हार्लेक्विन बाहेर येतो, हा त्याचा प्रवेश पुढे कित्येक वर्षं लोक आठवत राहिले.

लक्षात घ्या, रिचकडे सनद होती. तो बोलू शकत होता. त्याचं मौन ही त्याची आवड होती. त्याच्यानंतर मौन ही अनेकांची सक्ती झाली. गंमत म्हणजे त्यामागच्या घडामोडींनाही रिचचा हातभार लागला. १७२८ साली त्याने जॉन गे याचं ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगभूमीवर आणलं. चोर-दरोडेखोरांची गोष्ट, पण प्रेक्षकांना त्यात पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल दिसत होता. नाटक तुफान चाललं. त्याच वर्षी गेच्या पुढच्या नाटकावर बंदी आली. मग हेन्री फील्डिंग नावाचा तरुण नाटककार सरकारची खिल्ली उडवू लागला. शेवटी १७३७ साली वॉलपोलने कायदाच करून घेतला.

या लायसन्सिंग ॲक्टमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, प्रत्येक नव्या नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे पाठवायची, त्याने मंजूर केली तरच प्रयोग. दोन, पैसे घेऊन संवादांचं नाटक करायचं तर राजाची सनद किंवा परवाना हवा. फील्डिंगने नाटक सोडलं, वकिलीकडे वळला आणि पुढे कादंबऱ्या लिहिल्या. इंग्रजी कादंबरीचं भलं झालं, असं म्हणायला हरकत नाही. पण छोट्या नाट्यगृहांनी काय करायचं?

त्यांना गाणं चालत होतं, नाच, कसरती आणि मूकनाट्यही चालत होतं. फक्त माणसासारखं बोलायचं नाही. मग त्यांनी पळवाटा काढल्या. संगीताच्या साथीवर बोलायचं, म्हणजे ते ‘गाणं’ ठरतं. किंवा जे बोलायचं ते कापडाच्या गुंडाळीवर रंगवायचं आणि प्रेक्षकांसमोर उलगडून धरायचं. बोललं कोण? कुणीच नाही. ताईकडच्या त्या नाटकात गाण्याच्या शब्दांचा पडदा खाली आला तेव्हा मला या गुंडाळ्यांची आठवण झाली.

आणि सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे शरीर. हार्लेक्विनच्या हातात एक लाकडी फळी असायची, दोन पट्ट्या एकावर एक बसवलेली. मारली की ‘फट्’ असा मोठा आवाज, पण लागायचं नाही. हीच ती ‘स्लॅपस्टिक’, जिच्यावरून पुढे चित्रपटातल्या धडपडीच्या विनोदाला नाव मिळालं. ही फळी म्हणजे जादूची कांडी. हार्लेक्विनने ती नेपथ्यावर मारली की राजवाड्याची झोपडी व्हायची. त्या काळच्या पॅन्टोचा साचा असा: आधी एक परीकथा, मग परी येऊन पात्रांचं रूपांतर करते, नायकाचा हार्लेक्विन, नायिकेची कोलंबाइन, बापाचा पँटलून, आणि नोकराचा विदूषक. मग उरलेला वेळ नुसता पाठलाग.

ग्रिमाल्डी

या विदूषकाला ज्याने नायकाच्या वर नेऊन बसवलं तो जोसेफ ग्रिमाल्डी. जन्म १७७८, लंडन. बाप इटालियन वंशाचा नट. पोरगं तीन वर्षांचं व्हायच्या आत रंगमंचावर उभं केलेलं. सॅडलर्स वेल्स हे सनद नसलेलं नाट्यगृह त्याचं दुसरं घर. पांढरा चेहरा आणि गालांवर लाल त्रिकोण हे रूप त्याने रूढ केलं. इंग्लंडमध्ये विदूषकाला आजही ‘जोई’ म्हणतात ते जोसेफवरून.

२९ डिसेंबर १८०६ रोजी कॉव्हेंट गार्डनला ‘हार्लेक्विन अँड मदर गूस’ लागलं. ९२ प्रयोग झाले. त्या काळी रोज रात्री नाटक बदलायची पद्धत, तिथे ९२ म्हणजे अचाट.

ग्रिमाल्डी काय करायचा? घरातल्या आणि बाजारातल्या वस्तू घ्यायचा आणि त्यांचं भलतंच काही बनवायचा. भाज्यांचा माणूस बनवायचा आणि त्याच्याशी मुष्टियुद्ध खेळायचा. नेपोलियनशी युद्ध चालू असताना घोडदळाच्या अधिकाऱ्यांच्या झगमगीत गणवेशाचं फार कौतुक होतं. ग्रिमाल्डीने कोळसा ठेवायच्या बादल्या पायात बुटांसारख्या चढवल्या आणि तसाच रुबाब करत मिरवला. लोकांना जे समजायचं ते समजलं. आता यात लॉर्ड चेंबरलेन काय खोडणार? संहितेत वाक्यच नव्हतं.

पण मला त्याची सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक छोटी युक्ती. ‘हॉट कॉडलिन्स’ नावाचं त्याचं एक गाणं होतं. भाजलेली सफरचंदं विकणारी एक म्हातारी, तिला दारूची तलफ येते. कडव्याच्या शेवटी यमक जुळवणारा शब्द यायचा तिथे ग्रिमाल्डी थांबायचा. तो शब्द म्हणजे दारूचं नाव, जिन. तो काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. आणि सगळं नाट्यगृह ओरडायचं, ‘जिन!’ मग हा साळसूद चेहरा करून प्रेक्षकांनाच रागवायचा, की काय हे, शोभतं का तुम्हाला?

बघा काय झालं इथे. नटाने जागा मोकळी सोडली आणि शब्द प्रेक्षकांनी भरला. नट निर्दोष, वात्रटपणा सगळा लोकांचा! प्रेक्षकाच्या ओरडण्याला परवाना लागत नाही. माझ्या भाच्यांनी आणि आईने त्या दुपारी जो दंगा केला, त्याची एक तरी मुळी इथे आहे.

ग्रिमाल्डीचा शेवट मात्र वाईट झाला. उड्या आणि आपटणं यांनी शरीराची चाळण झाली होती. १८२८ साली ड्रुरी लेनला निरोपाचा प्रयोग झाला तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, खुर्चीत बसून त्याने काम केलं. १८३७ साली तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या, त्या संपादित केल्या एका तरुण लेखकाने, चार्ल्स डिकन्स त्याचं नाव. लंडनमध्ये ग्रिमाल्डीचं थडगं आहे तिथली बाग आज त्याच्या नावाने ओळखली जाते. आणि फेब्रुवारीत पूर्व लंडनच्या एका चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रार्थना होते, तिला विदूषक आपल्या वेशात, रंग लावून येतात.

१८४३

ऑगस्ट १८४३ मध्ये नवा कायदा झाला आणि दोन नाट्यगृहांची मक्तेदारी संपली. आता परवाना असलेल्या कुठल्याही नाट्यगृहात संवादांचं नाटक करता येऊ लागलं. त्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. हा निव्वळ योगायोग, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण तारखा शेजारी ठेवल्या की गंमत वाटते.

इतकी वर्षं तोंड दाबून ठेवलेलं पॅन्टो जे बोलायला लागलं ते थांबेचना. शब्दांच्या कोट्या, यमकं, गावातल्या महापौरापासून पंतप्रधानापर्यंत टोमणे. तमाशातली बतावणी आठवा, जातकुळी तीच. हार्लेक्विनचा पाठलाग आकसत गेला आणि परीकथा वाढली. १८६१ साली हेन्री बायरन याने ‘अल्लादीन’ लिहिलं आणि अल्लादीनच्या आईला ‘ट्वँके’ हे नाव दिलं. ट्वँके म्हणजे त्या काळी विलायतेत मिळणारा एक स्वस्त चिनी हिरवा चहा. तीच आजची विधवा ट्वँकी.

आणि मूळ गोष्ट तरी कुठली? फ्रेंच भाषांतरकार अंत्वान गालाँ याला ही कथा १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या सिरियन माणसाने सांगितली. अरबी गोष्ट, घडते चीनमध्ये, सांगितली फ्रान्समध्ये, आणि पोसली लंडनच्या विदूषकांनी. या चीनमुळे पुढे अडचणही झाली. पेकिंगच्या नावाखाली चिनी माणसांच्या बोलण्या-दिसण्याची स्वस्त थट्टा अनेक वर्षं चालली. अलीकडे काही मंडळी ते पेकिंग काढून टाकून कल्पित नगरी घेतात. बरं करतात. ज्या सभागृहात सगळ्यांनी मिळून ओरडायचं, तिथे एखाद्या मुलाला हे आपल्यालाच हसतायत असं वाटलं तर ते मूल ओरडणार कसं?

पुढे १८७९ साली ड्रुरी लेन ऑगस्टस हॅरिसच्या हाती आलं. त्याने पॅन्टोला अवाढव्य केलं, मोठमोठ्या मिरवणुका आणि झगमगाट आणला. ‘म्युझिक हॉल’ म्हणजे दारूच्या गुत्त्यांतून वाढलेली गाण्या-विनोदाची रंगभूमी, तिथले लोकप्रिय कलावंत त्याने उचलले. त्यातला डॅन लेनो १८८८ साली ड्रुरी लेनला आला आणि डेम या भूमिकेचा बादशहा झाला. त्याच्या डेम म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, काबाडकष्ट करणाऱ्या, शेजारणीशी भांडणाऱ्या गरीब बायका. तो स्वतः गरिबीतून आलेला होता. हसताना लोकांना आपल्या आळीतली बाई दिसायची. १९०४ साली तो गेला तेव्हा जेमतेम ४३ वर्षांचा होता.

नायकाचं काम मात्र बाई करायची. विजार चढवून, मांडीवर थाप मारून. व्हिक्टोरियन काळात बाईचे पाय झग्याखाली झाकलेले, ते रंगमंचावर दिसायचे, हेही त्या लोकप्रियतेचं एक कारण. म्हणजे नायक बाई, नायिका बाई, नायकाची आई पुरुष. मुलांना यात काही वावगं वाटत नाही.

आणि हे नाताळातच का? नाताळचा दुसरा दिवस म्हणजे २६ डिसेंबर, बॉक्सिंग डे. पॅन्टो सुरू व्हायचा परंपरेचा मुहूर्त तो. १८७१च्या कायद्याने त्या दिवशी बँकांना सुट्टी मिळाली आणि हळूहळू ती सगळ्यांचीच सुट्टी झाली. गिरणीत, गोदीत, कारखान्यात राबणाऱ्यांना सहकुटुंब बाहेर पडायला मिळणारे दिवस मोजके. त्यांतला हा एक. आजही ब्रिटनमधल्या कित्येक मुलांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं नाटक पॅन्टोच असतं, आणि कित्येक नाट्यगृहांचा वर्षाचा खर्च याच काही आठवड्यांच्या गल्ल्यावर निघतो.

आपल्या इकडे

१८४३ साली मक्तेदारी गेली, पण संहिता आधी तपासून घ्यायची अट गेली नाही. ती ब्रिटनमध्ये थेट १९६८ साली गेली. आणि तोवर ती आपल्याकडे येऊन रुजली होती. १८७५-७६ मध्ये युवराज भारतात आला, कलकत्त्यातल्या एका वकिलाने त्याला घरातल्या अंतःपुरात नेलं, त्यावर बंगाली रंगभूमीने प्रहसन केलं, आणि १८७६ साली सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा आणला.

मराठी नाटककारांनीही मग पळवाट शोधली, पुराणाची. १९०७ साली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आलं. द्रौपदी, भीम, कीचक, सगळं महाभारतातलं. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. १९१० साली सरकारलाही दिसला, आणि बंदी आली. ‘बेगर्स ऑपेरा’त वॉलपोल दिसला होता, तसंच हे. महाराष्ट्रात संहिता आधी तपासायची पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, ब्रिटनने सोडल्यानंतरही.

आईच्या दशावतारात मात्र संहिताच नसते. कथा माहीत असते, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. भटजी आणि संकासुराच्या संवादात गावातल्या कुणाची टोपी उडेल हे त्या दोघांनाही आधी माहीत नसतं. काय तपासणार आणि काय खोडणार?

आणि मुलांनी ओरडायचं नाटक आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं? रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आठवा. आधी दिलीप प्रभावळकर, पुढे वैभव मांगले. पुरुषाने रंगवलेली बाई, मुलांशी थेट भांडणारी, आणि मुलंही तिला तेवढ्याच हक्काने उत्तर देणारी. चिंची ही अस्सल मराठी डेम आहे. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही तिचा प्रयोग लागला तर मुलांना न्या. आणि निघताना माझ्या आईसारखा दम देऊ नका.

शेवटी नटांची एक जुनी समजूत सांगते. पॅन्टोचा शेवट यमकाच्या दोन ओळींनी होतो. तालमीत त्या ओळी म्हणत नाहीत, अपशकुन मानतात. तिथे नट भलतंसलतं काही पुटपुटतो आणि पुढे जातो. खऱ्या ओळी तोंडातून निघतात त्या पहिल्या प्रयोगाला, लोक समोर बसल्यावरच. समजूत म्हणून सोडून देता येईल, पण तीत या नाट्यप्रकाराचा सगळा अनुभव साठलेला आहे. कायद्याने नटाचं तोंड बांधलं तेव्हा ज्यांनी रिकामा शब्द भरून काढला, ते येईपर्यंत नाटक पुरं झालं असं म्हणायचं नाही.